सिव्हिकच्या चाकांतली हवा: ऑटोक्रॉसच्या पहिल्या मोसमाच्या नोंदी

३१ मार्च २०२४, रविवार. घरचं गॅरेज, मिशिगन.

भाचा नाशिकहून इथे मास्टर्सला आला त्याला आता सात महिने होतील. जानेवारीत बर्फावर त्याच्या हातात गाडी फिरली. कुणाला लागलं नाही, गाडीलाही ओरखडा नाही. पण त्या दोन-तीन सेकंदांत त्याचा पाय ब्रेकवर जो गच्च बसला तो निघालाच नाही, आणि स्टिअरिंग नुसतं धरून ठेवलेलं. नंतर म्हणाला, "मामा, मला काही सुचलंच नाही रे." त्याच रात्री ठरवलं की यंदाचा उन्हाळा ऑटोक्रॉसला द्यायचा. दोघांनी, एकाच गाडीत. या वहीत त्याच्याच नोंदी.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मोठ्या मोकळ्या पार्किंगमध्ये नारिंगी प्लॅस्टिकचे कोन मांडून वळणावळणाचा रस्ता आखतात. एका वेळी एकच गाडी, शर्यत फक्त घड्याळाशी. एक फेरी साधारण ४० ते ६० सेकंदांची, वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजतात. कोन पाडला की २ सेकंद दंड, वाट चुकली की ती फेरी बाद. १९४४ साली सुरू झालेली एससीसीए (स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका) ही इथली संघटना याला 'सोलो' म्हणते आणि रोजची घरची गाडीसुद्धा चालते. हेल्मेट लागतं, नवख्यांना तिथे उसनं मिळतं.

गाडी: २००८ ची होंडा सिव्हिक, पाच गिअरची, इंजिन पुढे आणि ओढ पुढच्या चाकांना. टायर २०५/५५ आर १६, ऑल-सीझन, तीन वर्षं वापरलेले. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर हवा पुढे ३२, मागे ३२ (वहीतले हवेचे सगळे आकडे पीएसआय, म्हणजे चौरस इंचावर किती पौंड दाब ते). टायरच्या साइडवॉलवर, म्हणजे बाजूच्या भिंतीवर, कमाल ४४ लिहिलंय, आणि तो आकडा थंड टायरचा आहे.

आजची कामं: चाकांचे नट टॉर्क पान्याने १०८ न्यूटन-मीटरला आवळले. बॅटरीची पट्टी हलत होती ती घट्ट केली. पुढची दोन्ही चाकं जॅकवर उचलून हलवून पाहिली, बेअरिंगमध्ये खेळ नाही. डिकी रिकामी केली. स्टेपनीसुद्धा काढून ठेवणार.

गेजचा घोळ आजच निस्तरला. कोपऱ्यावरच्या पेट्रोल पंपाचं गेज ३५ दाखवतं तिथे माझं ३२ दाखवतं. कोणतं खरं हे शोधत बसत नाही. मोसमभर एकच गेज वापरायचं, माझं. खरा आकडा दोन पीएसआय इकडेतिकडे असला तरी चालेल, फरक बरोबर कळला पाहिजे.

वडिलांच्या ट्रकवर क्लीनर लाकडी दांडक्याने प्रत्येक टायर ठोकत जायचा आणि आवाजावरून हवा सांगायचा. लहानपणी मला ती जादू वाटायची. आज कळतं, तोही फरकच ऐकत होता. आठ टायर एका सुरात बोलले आणि नववा बद्द बोलला की त्याला तेवढं पुरायचं.

१४ एप्रिल, रविवार. पहिला दिवस.

सकाळी ६ अंश सेल्सियस. काल दुपारी गॅरेजमध्ये चारही चाकांत ३२ भरली होती, तेव्हा १८ अंश होते. आज मैदानात गेज लावलं तर ३०. गळती नाही, थंडी आहे. साधारण साडेपाच अंश तापमान बदललं की १ पीएसआय बदलतो, म्हणजे हिशोब जुळला. पुन्हा ३२ केली.

मुद्दाम स्टिकरचाच आकडा ठेवला. आधी दुखणं दिसू दे, मग औषध.

इथल्या एका वयस्कर गृहस्थांनी आम्हाला पंखाखाली घेतलं. लाल मियाटा (माझदाची छोटी दोन सीटची स्पोर्ट्स गाडी) घेऊन येतात, नवख्यांना शिकवतात. त्यांनी पांढऱ्या खडूने प्रत्येक टायरच्या कडेवर तीन-तीन आडव्या रेघा ओढायला सांगितल्या: नक्षीच्या बाहेरच्या गोट्यापासून (रबराच्या ठोकळ्यापासून) सुरू करून खांद्यावरून खाली साइडवॉलवर. टायरच्या खांद्याशी एक बारीक त्रिकोण कोरलेला असतो, तो दाखवला. वळणात टायर लवंडून त्रिकोणाच्या टोकापर्यंत घासला तर ठीक, टोकाच्या खाली घासला तर हवा कमी.

पहिल्या फेरीत वाट चुकलो. गाडीतून पाहिलं की कोनांचा नुसता नारिंगी समुद्र दिसतो, रस्ता दिसतच नाही. दुसरीत दोन कोन, तिसरीत ५७.६१२, चौथीत ५७.९४०. भाचा दोनदा वाट चुकला, मग ६१.३ आणि ५९.८. लाल मियाटा ४८.२.

चौथ्या फेरीनंतर गुडघ्यावर बसून पुढचा उजवा टायर पाहिला. रेघा त्रिकोणाखाली चांगल्या बोटभर पुसल्या होत्या. साइडवॉलवरच्या अक्षरांच्या कडेला राखाडी घासपट्टी, वर रबराच्या बारीक वळकट्या, जळका गोडसर वास. म्हणजे वळणात गाडी नक्षीवर चालतच नव्हती, टायरच्या गालावर चालत होती. मागच्या टायरच्या रेघा जवळजवळ शाबूत.

स्टिकरचा आकडा चूक नाही. तो रोजच्या रस्त्यासाठी, आरामासाठी आणि टायर सारखा झिजावा म्हणून ठरवलेला असतो. सेकंड गिअरमध्ये स्टिअरिंग गच्च वळवून एवढं वजन एका पुढच्या कोपऱ्यावर टाकायचं हे त्याच्या हिशोबात नाही. साइडवॉल कडक करायला आपल्या हातात हवेशिवाय काही नाही.

५ मे, रविवार. नुसते हवेचे प्रयोग.

चार फेऱ्या, चार वेगळे आकडे. हवा प्रत्येक फेरीच्या आधी रांगेत मोजून.

पहिली, पुढे ३६ मागे ३६: ५३.४. रेघा त्रिकोणाखाली पाऊण सेंटिमीटर.
दुसरी, ३८/३८: ५२.६. रेघा त्रिकोणाच्या किंचित खाली.
तिसरी, ४०/३८: ५३.९. बरोबर टोकावर.
चौथी, ४२/३८: ५२.८. टोकाच्या वरच थांबल्या. गाडी वळायला चपळ वाटली, पण डांबराच्या खडबडीत पट्ट्यावर पुढची चाकं टपटप उडत सरकली.

संध्याकाळी घरी आकडे मांडून बसलो. वेळेचा हवेशी काही मेळ लागेना: सगळ्यांत चांगली वेळ ३८ ला, सगळ्यांत वाईट ४० ला, आणि रेघा तर ४० च बरोबर म्हणतायत. मग भाचा म्हणाला, "मामा, तिसऱ्या फेरीत तू शेवटच्या वळणात फार रुंद गेलास. त्यातच सेकंद गेला असेल." बरोबर आहे त्याचं. माझ्याच दोन फेऱ्यांमध्ये सेकंदाचा फरक पडत असेल, तर दोन पीएसआयने पडणारा पाव सेकंद घड्याळात दिसणार कुठून?

वर ट्रॅक दर वेळी नवा. आजचे ५२ आणि मागचे ५७ यांची तुलनाच होत नाही. म्हणून आतापासून दर वेळी लाल मियाटाची वेळ लिहायची आणि त्यापासून किती टक्के मागे ते काढायचं. पहिल्या दिवशी साडेएकोणीस टक्के. आज त्यांची ४५.१, मी साडेसोळा टक्के मागे.

ठरलं: घड्याळावरून हवा ठरवायची नाही. हवा खडूवरून, पुढे ४० मागे ३८. आता हिला हात लावायचा नाही, आधी हात सुधारायचे.

१९ मे, रविवार. हवा ४०/३८, न बदलता.

आजचा दिवस पूर्ण हातांना आणि डोळ्यांना दिला. मोसमातला सगळ्यांत उपयोगी दिवस हाच ठरेल असं वाटतं, म्हणून सविस्तर लिहितो.

सीट. खांदे पाठीला टेकवून हात सरळ केला की मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकलं पाहिजे. मी आजवर एक मूठ मागे बसत होतो, म्हणून मोठ्या वळणात खांदा सीटवरून सुटायचा आणि मी स्टिअरिंगलाच लटकायचो. स्टिअरिंगला लटकलेल्या माणसाला चाकाखाली काय चाललंय ते हातात कळत नाही. सीट पुढे घेतली, पाठ उभी केली, पट्टा ओढून लॉक केला. हात घड्याळातल्या नऊ आणि तीनवर.

पायी ट्रॅक पाहणं. तीनदा चाललो. पहिल्यांदा फक्त वाट. दुसऱ्यांदा गुडघ्यात वाकून, गाडीतून डोळे जेवढ्या उंचीवर असतात तेवढ्या उंचीवरून. उभं राहून ट्रॅक नकाशासारखा दिसतो, वाकलं की पुन्हा समुद्र होतो आणि कोणते दोन कोन वाट दाखवतात ते निवडावं लागतं. तिसऱ्यांदा प्रत्येक वळणाशी थांबून मागे वळून पाहिलं, इथून बाहेर कुठे पडायचंय ते.

नजर. कोनाकडे पाहिलं की गाडी कोनाकडेच जाते. ज्याच्या शेजारून चाललोय तो कोन आता डोळ्यांचा राहिलेला नाही. डोळे पुढच्याच्या पुढच्यावर. शेजारी बसलेले गृहस्थ फेरीभर एकच शब्द म्हणत होते: 'पुढे, पुढे, पुढे.' तिसऱ्या फेरीत एकदा खरंच मान वळवून खिडकीतून वळणाचा शेवट पाहिला, आणि हातांनी न सांगता तेवढंच स्टिअरिंग वळवलं जेवढं हवं होतं.

स्लॅलम. पाच कोन एका रेषेत, आळीपाळीने एक डावीकडे ठेवायचा, एक उजवीकडे. मी कोन ओलांडला की मग वळवायचो. पहिला पार, दुसरा थोडा उशिरा, तिसऱ्याला आणखी उशीर, चौथ्याला ब्रेक, पाचवा आडवा. उशीर कोनागणिक साचत जातो. उपाय असा की कोन शेजारी येण्याआधीच गाडी पुढच्या बाजूला वळायला लागलेली हवी, आणि पहिल्या कोनाआधी थोडा वेग सोडायचा. पहिल्याला सोडलेला वेग पाचव्याला व्याजासकट परत मिळतो.

ब्रेक आणि रेस (अ‍ॅक्सिलरेटर). पुढच्या टायरची पकड म्हणजे महिन्याचा पगार आहे. ब्रेकवर खर्च केला तर वळायला उरत नाही, वळण्यात खर्च केला तर रेसला उरत नाही. आमच्या गाडीत वळणं, ओढणं आणि बराचसा ब्रेक हे सगळं पुढच्याच दोन चाकांच्या माथी. म्हणून ब्रेक सरळ असतानाच, जोरात आणि लवकर. मग पाय हळूहळू उचलत वळायचं. स्टिअरिंग सरळ होऊ लागलं की तेवढीच रेस वाढवायची. गाडी वळत नाही असं वाटलं की मी आणखी स्टिअरिंग पिळत होतो. त्याने टायर फक्त किंचाळतो, वळत नाही. थोडं स्टिअरिंग सोडलं की पकड परत येते. हे मनाविरुद्ध करावं लागतं, हात ऐकत नाहीत.

वेळा: ४९.९, ४८.८, ४८.६, ४८.५. शेवटच्या तीन फेऱ्यांत तीन दशांशाचा फरक. आज पहिल्यांदा माझ्या हातांचं मोजमाप झालं. भाचा ५१.२ वरून ४९.१ पर्यंत आला, दोन कोन पाडून.

९ जून, रविवार. ऊन.

३१ अंश, डांबर त्याहून तापलेलं. एका गाडीत दोघे, म्हणजे माझी फेरी संपली की पाच-सात मिनिटांत त्याची. टायरला थंड व्हायला फुरसत नाही.

सकाळी ४०/३८ भरली. दोन फेऱ्यांनंतर पुढचा उजवा ४४, पुढचा डावा ४३, मागचे ३९. ट्रॅकवर डावी वळणं जास्त होती, त्यामुळे वजन उजवीकडे पडून तो टायर जास्त तापला. खडूच्या रेघा टोकाच्या बऱ्याच वर राहिल्या आणि पुढची चाकं बर्फावर असल्यासारखी सरकू लागली. मधलीच नक्षी जमिनीवर टेकत होती.

व्हॉल्व्हची पिन दाबून पुढचे दोन्ही परत ४० वर आणले. मग दर फेरीनंतर हेच. बागेतला फवारणीचा पंप आणला होता, त्याने फेऱ्यांमध्ये पुढच्या टायरवर पाणी मारलं. वाफ दिसली नाही, पण पुढच्या फेरीनंतर हवा एकानेच वाढली. पाणी मारल्यावर सुरुवातीच्या रेषेशी चाकाखाली ओल राहणार नाही एवढं बघायचं.

यातून नियम बदलला: ४० हा गरम टायरचा आकडा. सकाळी थंड टायरमध्ये पुढे ३७ ठेवून सुरू करायचं, म्हणजे तापून ४० ला येतं. दुसऱ्या दिवशी घरी सकाळी गार टायरला गेज लावलं तर पुढे ३६ निघाली, रस्त्याला सुरक्षित. गाडीचा हवेचा दिवा या कामात उपयोगाचा नाही. अमेरिकेत तो सक्तीचा आहे, पण स्टिकरच्या आकड्याहून पंचवीस टक्के खाली गेल्यावरच लागतो, म्हणजे आमच्याकडे २४ ला.

लाल मियाटा ४७.३, मी ५३.२. साडेबारा टक्के.

दुपारी ट्रॅकवर काम केलं. इथे प्रत्येकाला गाडी चालवणं आणि कोन उभे करणं दोन्ही करावं लागतं. प्रत्येक कोनाच्या बुडाभोवती खडूचा चौकोन असतो: कोन उभा आणि चौकोनाला शिवलेला असेल तर दंड नाही, पडला किंवा पूर्ण बाहेर गेला तर दंड. हातात लाल झेंडा, पाठ कधीही गाडीकडे करायची नाही. उन्हात तास-दीड तास उभं राहून दुसऱ्यांच्या गाड्या पाहिल्या. जे वेगवान आहेत त्यांच्या टायरचा आवाज एकसुरी, बारीक गुणगुणल्यासारखा. आमचा किंचाळून गप्प होतो, पुन्हा किंचाळतो.

१४ जुलै, रविवार. मागची हवा.

आता माझ्या फेऱ्या तीन-चार दशांशाच्या आत येतात, म्हणून एक बदल करून पाहायची परवानगी स्वतःला दिली. लांब वळणात गाडीचं नाक बाहेर ओढतं. पुढच्याची पकड वाढवता येत नाही, मग मागच्याची थोडी कमी करायची: मागे हवा वाढवली की मागचा टायर कडक होतो, कमी टेकतो आणि गाडीची शेपूट वळायला मदत करते.

पुढे ४० कायम. मागे ३८ वरून ४०: फरक जाणवला नाही. ४२: लांब वळणात नाक आत आलं, स्टिअरिंग थोडं कमी लागलं. ५०.१ ची ४९.६ झाली, दोन फेऱ्यांत तीच. हा मोसमातला पहिला बदल जो घड्याळात दिसला आणि टिकला.

मग भाच्याची फेरी. स्लॅलमच्या चौथ्या कोनाशी वेग जास्त वाटून त्याने रेसवरून पाय एकदम काढला. वजन पुढे आलं, मागचं हलकं झालं, आणि मागे ४२ असल्यामुळे शेपूट गपकन सुटली. गाडीने गिरकी घेतली. मी बाजूला बसलो होतो. कोन खिडकीतून आडवे गेले, धूळ आली, गाडी आल्या दिशेला तोंड करून थांबली.

इंजिन चालू होतं. त्याने क्लच आणि ब्रेक दोन्ही दाबले होते. पहिल्या दिवशी शिकवलेलं: गाडी सुटली की दोन्ही पाय आत. लाल झेंडा दिसला, थांबून राहिला, खूण मिळाल्यावर हळू बाहेर आला. जानेवारीत गच्च बसलेला तोच पाय. बाहेर आल्यावर त्याचे हात थरथरत होते, माझेही. त्याने आधी विचारलं, "मामा, मी पाय काढला म्हणून झालं ना?" हो, म्हणूनच.

हवा मागे ४० वर आणली. त्याच्या फेऱ्यांमध्ये पाय अजून अचानक उचलला जातो, तोवर ४२ मला नको, मग पाव-अर्धा सेकंद गेला तरी चालेल. एका गाडीत दोघे असतील तर हवा कच्च्या हाताला झेपेल अशीच ठेवावी, हे माझं पक्कं मत झालंय.

१८ ऑगस्ट, रविवार.

रात्री पाऊस, पहिल्या दोन फेऱ्या ओल्या डांबरावर. टायर तापलेच नाहीत, ३७ चे जेमतेम ३८ झाले. ओल्यात टायर लवंडतच नाही, रेघा टोकाच्या खूप वर. हवेला हात न लावता फक्त हात मऊ ठेवले. भाचा ओल्यात माझ्याहून आठ दशांशाने पुढे गेला. बर्फात घाबरलेला मुलगा ओल्या डांबरावर किती हलक्या हाताने चालवत होता ते बाजूला बसून पाहिलं, आणि फार बरं वाटलं.

वाळल्यावर पुढे ४०, मागे ४० गरम. माझ्या शेवटच्या दोन फेऱ्या ४८.७ आणि ४८.८. लाल मियाटा ४४.८. पावणेनऊ टक्के.

पुढच्या टायरचे बाहेरचे गोटे मोसमात बरेच झिजलेत, आतल्या गोट्यांपेक्षा दीड मिलिमीटर कमी. पुढच्या वर्षी वेगळे टायर घ्यायचे की याच टायरवर आणखी एक मोसम शिकायचं, हे ठरायचंय. माझा कल दुसऱ्याकडे. हे टायर सुटण्याआधी बराच वेळ किंचाळून सांगतात, शिकणाऱ्याला तेच हवं.

निघताना भाच्याने स्वतःच गेज मागितलं. स्टेपनी घरी असल्याने परतीच्या रस्त्यावर हवा बरोबर असलीच पाहिजे, हे त्यानेच मला सांगितलं. टायर गार होईपर्यंत डबा खाल्ला, मग त्याने एकेक करून चारही चाकं ३२ वर आणली. मागच्या डाव्यातली हवा उतरवताना ३१ झाली. पंप लावून पुन्हा भरली.